लातूर बंदर

लातूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध एकाच ठिकाणी येतो. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, बारीक आकड्यांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सहाशे मीटरांच्या वर. ती वाचून कुणाला समुद्र आठवतो असं नाही. गाडी लेट असली की माणूस काहीही वाचतो. नकाशावर सरळ रेघ मारली तरी समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. मध्ये बालाघाट, मग भीमा, मग आख्खा सह्याद्री. एवढ्या बंदोबस्तातून तो इकडे फिरकण्याची भीती नाही. नदी म्हणावी तर मांजरा, आणि ती पावसाच्या मर्जीतली. २०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला पाणीच मुळी रेल्वेने आलं, मिरजेहून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तर पाण्याला तिकीट काढून यावं लागतं अशा या गावात मी शिडाचं लढाऊ जहाज बांधायला घेतलं.

खरं नव्हे, प्रतिकृती. एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटांचा गडी एका इंचात बसतो.

या छंदातले लोक जगभर साधारण तीच ती जहाजं करतात. मोठा मान नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ला. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं. १८०५मध्ये ट्रॅफल्गारला नेल्सन याच्यावरच पडला. ते अजून पोर्ट्समथच्या गोदीत उभं आहे, म्हणजे कुणीही टेप घेऊन जावं. दुसरं स्वीडनचं ‘वासा’. १६२८मध्ये स्टॉकहोमहून थाटात निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन सगळ्या शहरासमोर बुडालं. गार पाण्यात ते इतकं नीट टिकलं की १९६१मध्ये वर काढलं तेव्हा बहुतेक सगळं जागच्या जागी. उद्घाटनालाच फसलेल्या कामाची इतकी चोख मोजमापं जगात दुसरीकडे नसतील. आपल्याकडे अशा कामाची फाइलसुद्धा सापडत नाही. तिसरं आपल्या घरचं म्हणावं असं, ‘त्रिंकोमाली’. १८१७मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी इंग्रजी नौदलासाठी मलबारी सागवानात बांधलं, कारण साहेबाच्या देशात जहाजाजोगा ओक मिळेनासा झाला होता. ते आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं पाण्यात राहून त्या सागवानाला काही झालं नाही, आणि आमच्या घराला सागवानी म्हणून बसवलेली दारं पहिल्याच पावसाळ्यात फुगली. लातूरचा पावसाळा तो केवढा!

मी तिन्ही बाजूला सारली आणि मराठ्यांची गुराब निवडली. विचारणाऱ्याला मी देशाभिमान सांगतो. खरं कारण व्यावहारिक आहे. ‘व्हिक्टरी’चा एक दोर इकडचा तिकडे झाला तर चूक काढायला जगभर माणसं बसलेली आहेत. गुराबेचं तसं नाही. अस्सल गुराब एकही उरलेली नाही. आपले सुतार कागदावर नकाशा काढून जहाज बांधणारे नव्हते. मापं डोक्यात, बापाकडून मुलाकडे. आणि १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून वॉटसन, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि इंग्रजांना सामील झालेले आपलेच नानासाहेब पेशवे. आगीची सुरुवात झाली ती आंग्र्यांनी कंपनीकडूनच धरून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजापासून; तिथून ती सगळ्या ताफ्याला लागली. (याच पेशव्यांच्या फौजेने चार वर्षांनी उदगीरला निजामाला पाणी पाजलं. माझ्या उदगीरच्या मित्राला विजयदुर्गाचं दुःख सांगितलं की तो उदगीर सांगतो, दोन्हींची वजावट करतो आणि चहा मागवतो.)

तर मुद्दा असा, की तरंगत्या जहाजाची मापं मिळतात, बुडालेल्याचीही मिळतात, जळालेल्याची मिळत नाहीत. चूक काढायला समोर अस्सल नगच नाही. असं जहाज करावं की ज्यात कुणाला काही काढताच येणार नाही, असा माझा हिशेब होता. लातूरच्या बाहेर तो बरोबर ठरला असता.

गुराब दिसायची कशी, याचा मोठा आधार म्हणजे रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकाराने लिहून ठेवलेलं वर्णन. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने पोट रुंद, बुडाला उथळ, आणि पुढे निमुळती होत होत पाण्यावर लांब झेपावलेली चोच. त्या चोचीवरच्या फळ्यांना कडेने कठडा नाही, आणि हा मुद्दा वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा. समोरून लाट आली की गुराब नाक खुपसायची. चढलेलं पाणी दोन्ही अंगांनी उतरून जायला वाट पाहिजे, म्हणून कठडा नाही. चोचीच्या मागे आडवी भिंत, भिंतीला भोकं, आणि त्यांतून पुढे तोंड काढलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. दुसऱ्याच्या पाठीस लागण्यासाठीच बांधलेलं जहाज.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं वेगळं प्रकरण आहे. गुराब फार थोराड नको, फार लहानही नको, मध्यम असावी असं त्यांनी बजावलंय. आमच्या शोकेसचा वरचा कप्पाही मध्यमच असल्यामुळे मला पंतांची आज्ञा मोडावी लागली नाही. त्याच प्रकरणात दर सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असावीत, असंही आहे. हे मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “एक होऊ द्या आधी.”

लाकडासाठी लांब जायची गरज नव्हती. नांदेड जिल्ह्यात किनवटचं जंगल आहे, तिथला सागवान नावाजलेला, आणि नांदेडला माझा मेहुणा आहे, तोही त्याच्या परीने नावाजलेला. त्याने वखारीतून सागवानाचा एक देखणा तुकडा धाडला. तो चिरल्यावर पहिला धडा मिळाला. एकास बहात्तरमध्ये सगळं लहान करायचं असतं, पण हे लाकडाला कुणी कळवलेलं नसतं. सागवानाची एक मिलिमीटरची रेष माझ्या जहाजावर सात सेंटिमीटरची भेग होऊन बसली. मग हळदू आणला. पिवळसर, दाट अंगाचा, फण्या करतात तो. मेहुण्याने विचारलं, “दाजी, फणीच करायची होती तर आधीच सांगायचं की.”

मिस्त्रीकडे गेलो. पाच मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड पट्ट्या पाडून पाहिजेत म्हणालो. त्याने पट्टीवर एक मिलिमीटर किती असतो ते अंगठ्याच्या नखाने पाहिलं, करवत दाखवली. करवतीचं पातंच दीड-दोन मिलिमीटर लाकूड खाणारं. “सर, तुमची फळी पडंल त्याच्या दुप्पट भुसा पडंल. भुसाच घिऊन जा की.” तरी माणूस चांगला. बारीक पात्याची करवत कुठूनशी मिळवली, पट्ट्या पाडल्या, एवढंच नाही तर घरी येऊन लावूही लागला. आधी कणा, त्यावर आडव्या फासळ्या, आणि फासळ्यांवर कडेने फळी. डावी बाजू पूर्ण झाली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेतल्या ‘उद्या’, तो आला नाही. नंतर कळलं की औशाकडे एका बंगल्याचं काम लागलंय, जिथे फळ्या फुटात मोजतात.

मला राग आला नाही, कारण मला इतिहास माहीत होता. १६५९च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली तेव्हा रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपली माणसं घेऊन कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान भरले आणि सगळे गुपचूप निघून गेले. आरमाराचं काम अर्ध्यावर सोडून कारागीर पळण्याची परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे. महाराजांचं काम पुढे त्यांच्या माणसांनी तडीस नेलं. माझी माणसं म्हणजे मी.

फळी वाकवायची तर आधी भिजवायची, मग वाफ द्यायची, मग ओली असतानाच टाचणीने दाबून धरायची. पुस्तकात लिहिलेलं असतं, फळ्या पाण्यात बुडवून ठेवा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या नळाला रोज पाणी येत असावं. आमच्याकडे नळ येतो तो दिवस पंचांगात नसतो, पण सगळ्यांना ठाऊक असतो, आणि कुठलंही पाणी एकदाच वापरायची पद्धत नाही. पालक धुतलेल्या पाण्यात माझ्या फळ्या भिजायच्या, फळ्यांचं पाणी फरशी पुसायला जायचं, आणि उरलं तर कण्हेरीला. त्यामुळे माझ्या गुराबेच्या डाव्या अंगावर हळदूचा पिवळा आणि पालकाची अगदी किंचित झाक आहे. बघणारे तिला समुद्री शेवाळाचा परिणाम समजतात. मी दुरुस्त करत नाही.

वर उन्हाळा. मे महिन्यात वाकवलेली फळी वाळेपर्यंत थांबावं लागत नाही. वाकवत असतानाच वाळते आणि वाळतावाळता तडकते. लाकडी होड्या पाण्याबाहेर जास्त दिवस ठेवल्या की फळ्या आक्रसून सांधे उघडतात, आणि पुन्हा पाण्यात घातल्या की फुगून मिटतात. आमच्या गुराबेला हे सुख मिळणार नव्हतं. उजव्या बाजूच्या काही फळ्या लावल्या, त्या रात्रीतून उघडल्या. शेवटी मी तो प्रश्न साहेबाच्या मदतीने सोडवला. इंग्रजी नौदलात सतराव्या शतकापासून मोठ्या जहाजांच्या एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातल्या अप्रतिम प्रतिकृती करत, आणि त्यांत खालच्या अंगाला फळ्या लावतच नसत. आतला सांगाडा दिसावा म्हणून मुद्दाम उघडं ठेवायचे. आज त्या संग्रहालयांत काचेखाली आहेत. तेव्हा माझ्या गुराबेची उजवी बाजू उघडी आहे ती अपुरी नाही, अभ्यासपूर्ण आहे. हे वाक्य मी घरात तीन-चारदा म्हणून बघितलं. हळूहळू बसलं.

शेजारी पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले साहेब राहतात. आयुष्यभर त्यांनी पाण्याचा हिशेब ठेवला आणि त्यातला बराच काळ पाणी नव्हतं, त्यामुळे हिशेब अत्यंत स्वच्छ. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं तेच पुढे सगळ्या गावाने विचारलं: “पाण्यात चालतं का?” नाही म्हटल्यावर ते उदास झाले नाहीत, पेन काढलं. “तुमची खरी गुराब किती टनाची?” तीनशे. “म्हणजे तरंगायला तीनशे टन पाणी बाजूला सारावं लागणार. तीन लाख लिटर. एका वाघिणीत पन्नास हजार धरा. सहा वाघिणी. पहिल्या गाडीला दहा आल्या होत्या.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “सर, बारा एप्रिलला तुमची गुराब लातुरात तरंगली असती. वर चार वाघिणी शिल्लक.” जुन्या जहाजाचा टन हा वजनाचा नसून त्यात किती माल मावतो त्याचा असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणसाच्या आनंदातून वाघिणी कमी करू नयेत.

तोफांसाठी सराफ लाइनला जावं लागलं. नऊ पौंडी तोफेचं तोंड साधारण चार इंचांचं. बहात्तरने भागलं की दीड मिलिमीटर. एवढं भोक पितळेच्या काडीत सरळ पाडणारा माणूस सोनाराशिवाय दुसरा नाही. काडी पुढे केली. “नथ का?” तोफ, म्हणालो. सोनार पन्नास वर्षांपासून नवऱ्यांच्या तोंडून नाना कारणं ऐकत आलेला; त्याची भुवईसुद्धा हलली नाही. “किती नग?” दोन मोठ्या, बाकी लहान. “घडणावळ नगावर लावू का वजनावर?” वजनावर म्हटलं, कारण सगळा तोफखाना मिळून एका अंगठीइतका भरत नव्हता. त्याने पावती केली, त्यावर ‘तोफ’ असं लिहिलं, आणि खाली सवयीने ‘मोड परत घेतली जाईल’ हा शिक्का मारला.

डोलकाठीला आडवं परबाण अडकवतात तिथे ते वरखाली सरकावं म्हणून लाकडी मण्यांची माळ असते. एकास बहात्तरला ते मणी म्हणजे मंगळसूत्राचे काळे मणी, त्यातले सगळ्यांत बारीक. ते आणायला गंजगोलाईत गेलो. गंजगोलाई म्हणजे १९१७ची गोल इमारत आणि तिला मिळणारे सोळा रस्ते. त्यातल्या कुठल्या रस्त्यावर काय मिळतं हे पाठ असलेला माणूस लातुरात उपाशी मरत नाही. मण्यांच्या दुकानात मी एकटा पुरुष गिऱ्हाईक होतो. सुटे मणी मागितले. “वाट्या?” वाट्या नकोत. “सर एकपदरी का दुपदरी?” दोन इंचांचा एक, दीड इंचाचा एक. दुकानदारीण बाईंनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मोठ्या समजूतदारपणाने म्हणाल्या, “भाऊ, वहिनींनाच घिऊन या.”

शिडाचा प्रश्न खानदानी होता. आपल्या राष्ट्रध्वजाचं खादी कापड जिथे तयार होतं अशा देशातल्या मोजक्या जागांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि विणकाम आमच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात होतं. म्हणजे शिडाच्या कापडाबाबत आम्हाला कोकणाचं तोंड बघायचं कारण नाही. मेहुण्याने अभिमानाने बारीक खादी आणली. पण खादीचा धागा तीन दशांश मिलिमीटरचा धरला तरी बहात्तरपटीत तो दोन सेंटिमीटरचा होतो. तसल्या शिडाला वारा नव्हे, बैलजोडी लागेल. शेवटी ट्रंकेच्या तळातून आजोबांचं धोतर काढलं. धुऊन धुऊन इतकं विरलेलं की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा. ते कोऱ्या चहात बुडवलं, कारण नवं पांढरं शीड खोटं दिसतं. त्याच वेळी पाहुणे आले. बायकोने पातेलं बघितलं आणि पाहुण्यांना सांगितलं, “चहा शिडाचा झालाय, तुमचा टाकते.”

मग दोर. याबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण सबंध उन्हाळा यात गेला आणि कुणीच विचारत नाही.

डोलकाठी दोन्ही अंगांनी ताणून धरणारे उभे दोर असतात आणि खलाशांना चढायला त्यांवर आडवे दोर बांधलेले असतात. खऱ्या जहाजावर पायरी साधारण सव्वा फुटाची, इथे पाच मिलिमीटरची. प्रत्येक उभा दोर जिथे आडव्याला भेटतो तिथे एक गाठ. धाग्याला आधी मेण चोळायचं, नाहीतर त्याचे केस उभे राहतात, आणि बहात्तरपटीत प्रत्येक केस म्हणजे खराट्याची काडी. चिमट्याने गाठ मारायची, ओढायची, सरळ झाली का बघायची. सरळ होत नाही. एक जास्त ओढली तर वरच्या सगळ्या पायऱ्या हसतात. हे करताना पंखा बंद, कारण धागा उडतो. बेचाळीस डिग्री, पंखा बंद, कपाळाला बॅटरी. माणूस घामाघूम होतो, आणि इथे आकडेमोड नीट समजून घ्यावी: घामाचा एक थेंब साधारण एक विसांश मिलिलिटर. त्याला बहात्तरने तीनदा गुणा. होतात अठरा लिटरांच्या वर. माझ्या नाकावरून एक थेंब निसटला की खाली गुराबेवर बादलीभर पाणी ओतलं जातं. एकास बहात्तर मापातल्या लातुरात एवढी चैन कुणाला झेपणार?

पुतण्या नीटची तयारी करत आमच्याकडेच राहायचा. रात्री अभ्यासातून उठून तो मागे उभा राही. “काका, यातून पुढं काय?” त्याच्या पिढीला लातूर पॅटर्नने हे पक्कं शिकवलंय की ज्याला निगेटिव्ह मार्किंग नाही ते काम गंभीरपणे घेण्याजोगं नाही. मी म्हणालो, यात सगळंच निगेटिव्ह मार्किंग आहे. तेव्हापासून तो माझ्याकडे जरा आदराने बघायला लागला, आणि एका रविवारी त्याने बसून गाठी मारल्या. सरळ आल्या. सर्जन होईल.

जहाज उभं राहिलं आणि गाव आलं. लातूरचा माणूस समुद्र न पाहिल्यामुळे त्याविषयी पूर्वग्रहरहित असतो, आणि म्हणून ठाम. पहिल्याने चोचीवर बोट ठेवलं: “पुढचा कठडा ऱ्हायला की वो.” दुसऱ्याने बसता बसता: “कठडा करूलालाव ना अजून?” मी पाण्याची वाट सांगितली, ऑर्म सांगितला. “ऑर्म कोण?” कंपनीचा इतिहासकार. “मग तो मुद्दाम चुकीचं सांगणार. शत्रूच की.” यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. एक बांधकामवाले गृहस्थ म्हणाले, गॅलरीला कठडा नसला तर महापालिका परवानगीच देत नाही.

झेंड्याचं त्याहून वाईट. शिडाच्या जहाजाला वारा मागून किंवा मागच्या अंगाने ढकलतो. जो वारा शीड पुढे फुगवतो तोच झेंडाही पुढे उडवणार. जहाज वाऱ्याच्या पुढे पळू शकत नाही. म्हणून मी झेंडा चोचीच्या दिशेला फडकवला. अख्ख्या मराठवाड्याने झेंडा पाहिलाय तो मोटारसायकलच्या रॅलीत, आणि तिथे तो मागे उडतो. “सर, झेंडा उलटा लागलाय.” एका पोराने तर मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात तो सुलटा करून ठेवला. शीड एकीकडे, झेंडा दुसरीकडे. इतिहासात इतकी गोंधळलेली गुराब झाली नसेल. जिथे जिथे मी पानंच्या पानं वाचून अचूक काम केलं होतं, तिथेच चूक निघत होती. आणि मागचं सुकाणू, जे मी निव्वळ कंटाळा आल्यामुळे अंदाजे उरकलं, त्याच्याकडे बघून सगळे म्हणायचे, हे मात्र हुबेहूब.

गावात समुद्र जाणणारा माणूस एकच सापडला. मालवणचे बँकेतले अधिकारी, बदलीवर आलेले. मी त्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं. सात-आठ मंडळी त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. त्यांनी गुराबेभोवती एक फेरी मारली, चोच पाहिली, शिडं पाहिली, उघडी बाजू पाहिली आणि खुर्चीत बसले. “साहेब, कठड्याचं काय?” कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, “मला नाही हो त्यातलं काही कळत. मला बोट लागते.”

नांदेडहून मेहुणा आला तो टेप घेऊनच. “दाजी, लातुरात हिचं काय व्हणार? आमच्याकडं बारमाही गोदावरी हाय. घाटावर न्या, सोडा.” विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या वादात माझं आणि सासुरवाडीचं इतकी वर्षं बोलणं आखडतं होतं; त्यात आता जहाजाचं ठाणं कुठे, या मुद्द्याची भर पडली. मी म्हणालो, एक बाजू उघडी आहे, बुडेल. मेहुणा म्हणाला, बुडाली तर नांदेडच्या पाण्यात बुडंल, नाव तर व्हईल. ‘वासा’चं उदाहरण याला कुणी सांगितलं असेल, याचा मी अजून विचार करतो.

मग गणेश मंडळाचे अध्यक्ष. त्यांना देखाव्यासाठी जहाज हवं होतं. त्यांनी खाली वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. “लई बारीक हाय सर. मागच्या रांगेला काय दिसंल? हेच जरा मोठं करता येतं का?” किती? “वीसेक फूट.” मी म्हणालो, मी इतके महिने हे लहान करत होतो. “मग उलटं करा की, सोपं ऱ्हाईल.” थर्माकोलला २०१८पासून बंदी, म्हणून प्लायवूड, खाली निळं कापड, त्याखाली टेबलफॅन, म्हणजे लाटा, आणि तोफेतून दर पाच मिनिटांना धूर. कठडा ते स्वतःच्या खर्चाने लावणार होते.

मंडळाला नाही म्हणण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं, पण त्याच आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. कोकण-पुण्याकडे ज्या गौरी त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि मराठवाड्यात त्यांच्यापुढची आरास हा घराच्या अब्रूचा प्रश्न. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, अंगावर ठेवणीतल्या पैठण्या, पुढे फराळाची रांग, आणि बायका हळदीकुंकवाला येऊन सगळं निरखून जातात. आईने वर्षभर त्या शोकेसकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “तुझं ते आण.” गुराब आली. फळ्यांची बाजू लोकांकडे, अभ्यासपूर्ण बाजू भिंतीकडे. पण आईला उघडी बाजू दिसली आणि तिने जहाज फिरवलं. “ही बाजू चांगली हाय, सामान ठिवता येतं.” आणि फासळ्यांच्या मधल्या पोकळीत तिने एकेक करून लाडू भरले. दोन फासळ्यांमध्ये एक लाडू, नेमका. चकल्यांची वेटोळी वरती दोरांच्या जागी. चोचीवर, जिथे कठडा नाही तिथे, करंज्या कडेला लावून दिल्या, म्हणजे कठडाही झाला.

बायका आल्या. सबंध गावात पहिल्यांदा कुणी पाण्यात चालतं का म्हणून विचारलं नाही. त्यांनी गाठी पाहिल्या. एकीने वाकून बोट न लावता नुसत्या नजरेने मोजल्या आणि म्हणाली, “हे हातानं मारलं? सगळं?” मी दारात उभा होतो, मला आत यायची परवानगी नव्हती, पण ते मी स्वच्छ ऐकलं. दुसरी म्हणाली, धोतराचं आहे ना शीड, आमच्या आजेसासऱ्यांचं असंच होतं. मग आमच्या आत्याबाई, ज्यांचा शब्द महालक्ष्म्यांच्या बाबतीत शेवटचा, त्यांनी आरशीत बघावं तशी मान डावीकडे-उजवीकडे केली. “आगं, पण एकच? महालक्ष्म्या दोन. एकीपुढं जहाज आन् एकीपुढं नुसता फराळ, हे बरं दिसतंय का?”

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी दारातून म्हणालो की दुसरं गलबत करता येईल, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, लहान असतं, लवकर होतं. आत्याबाई म्हणाल्या, लहान कशाला, धाकटी झाली म्हणून काय तिला लहान द्यायचं? जोडीला जोड पाहिजे.

रात्री बायकोनेच नांदेडला फोन लावला आणि भावाला हळदूचं सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

“पुढच्या भादव्याच्या आत. आणि या खेपेला दोन्ही बाजू उघड्याच ठेवा. आत्याबाई म्हणाल्या, लाडू जास्त बसतील.”